मेणबत्तीचा स्टँड: शेवटच्या तीन सेंटिमीटरचा विचार करून

लाइट गेली की बहुतेक घरांत एक वाटी पालथी पडते, तिच्यावर मेणाचे चार थेंब गळतात आणि त्या थेंबांत मेणबत्ती उभी राहते. पहिला तासभर ही सोय छान चालते. मेणबत्ती अंगठ्याएवढी उरली की वाटी तापते, खालचं मेण सुटतं आणि थोटूक आडवं होतं. तोवर माणसं झोपलेली असतात किंवा दुसऱ्या खोलीत असतात. बाजारातले शोभेचे स्टँडही याच क्षणी फसतात. लाकडी असेल तर काठ करपतो, काचेचा असेल तर तडकतो, डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेला पत्र्याचा असेल तर सांधा उकलतो. कथील-शिशाचा साधा डाग १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळतो आणि ज्योत मेणबत्ती धरणाऱ्या नळीच्या काठाशी आली की तिथलं तापमान याच्यावर सहज जातं.

म्हणून स्टँडची रचना उलट्या बाजूने करायची. मेणबत्ती संपताना काय होणार हे आधी ठरवायचं, तिला सरळ उभं कसं धरायचं हे नंतर. पुढचा स्टँड तसा आखला आहे. फॅब्रिकेशनच्या दुकानातले उरलेले तुकडे, घरातली एक स्टीलची ताटली आणि दीड-दोन तासांचं काम एवढ्यात तो होतो. वेल्डिंग, डाग किंवा लुकण यांपैकी काही लागत नाही.

आधी ज्योतीचा हिशेब

घरगुती पांढरी मेणबत्ती पॅराफिन मेणाची असते. हे मेण साधारण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतं. २० मिमी जाड आणि १५ सेमी लांब मेणबत्तीत ४२-४३ ग्रॅम मेण भरतं. तासाला सुमारे ६ ग्रॅम जळतं असं धरलं तर ती सातेक तास चालते. त्या ६ ग्रॅममधून तासभर ७० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडी जास्तच. उजेड मात्र जेमतेम १२-१३ ल्युमेन मिळतो. थोडक्यात, मेणबत्ती ही थोडा उजेड देणारी छोटी शेगडी आहे आणि स्टँड त्या शेगडीचा असायला हवा.

यातली बरीचशी उष्णता वर जाते, त्यामुळे मेणबत्ती लांब असेपर्यंत खाली काहीच जाणवत नाही. ज्योत धातूच्या नळीशी पोचली की नळी तापते आणि आत उरलेलं सगळं मेण एकदम वितळतं. वातीला आधार राहत नाही, ती कलंडते, तिचा जास्त भाग पेटतो आणि ज्योत दुप्पट होते. नळीत साठलेलं मेण जितकं जास्त, तितका हा भडका लांबतो. उपाय सोपा आहे. वितळलेल्या मेणाला नळीत थांबू द्यायचं नाही. ते खाली रुंद, थंड ताटलीत ओघळून पातळ थरात गोठलं की वातीचं इंधन तुटतं आणि ती विझते.

सामान

नळीसाठी २५ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १ मिमी जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पाइप, ५० मिमी लांब. पडद्याचा रॉड किंवा रेलिंग याच पाइपचं असतं. आतला व्यास २३ मिमीच्या आसपास येतो. पितळी पाइप दिसायला देखणा, पण इथे तो चुकीचा ठरतो. पितळ स्टेनलेस स्टीलच्या सहा-सात पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणजे थोटूक लवकर मऊ पडतं. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका.

तळासाठी १८ सेमी व्यासाची स्टीलची ताटली, काठ निदान १५ मिमी उंच आणि मधला सपाट भाग १४ सेमीच्या वर. नाश्त्याच्या डिशमध्ये हा काठ फार उथळ असतो, त्यामुळे दुकानात पट्टी घेऊनच जावं.

ताटलीखाली वजन म्हणून ६ मिमी जाड लोखंडी प्लेटची १४० मिमी व्यासाची गोल चकती. तिचं वजन सुमारे ७२५ ग्रॅम भरतं. फॅब्रिकेटरकडे गॅस कटरने कापून मिळेल, पण त्याच्याकडूनच कड ग्राइंडरने घासून घ्यावी.

शिवाय, ४ मिमीचे १६ मिमी लांबीचे तीन काउंटरसंक (डोकं आत बुडणारे) स्क्रू, त्यांना वॉशर आणि नट. ४ मिमीचा ३५ मिमी लांब एक बोल्ट नटसह. १ मिमी स्टेनलेस पत्र्याची २१ मिमी व्यासाची छोटी चकती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि रबर सोल्यूशन. मोडक्या झाऱ्याचा किंवा पळीचा दांडा, आणि त्यासाठी दोन रिव्हेट. वाऱ्याच्या आडोशासाठी २०४ बाय २४० मिमीचा चकचकीत स्टेनलेस पत्रा, अर्धा मिमी जाडीचा.

हत्यारांत हॅक्सॉ, कानस, पक्कड, व्हाइस, सेंटर पंच, ड्रिल आणि ३, ४.२ व १० मिमीचे बिट. स्टेनलेसला ड्रिल करताना बहुतेकांचा बिट जळतो, कारण मशीन पूर्ण वेगात चालवलेलं असतं. बिट नुसता घासत राहिला की स्टेनलेसचा पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि मग तो काही केल्या कापला जात नाही. वेग कमी ठेवा, जोर जास्त द्या, तेलाचे दोन थेंब सोडत राहा. घरात मशीन ऑइल नसेल तर खोबरेल चालतं.

नळी

सगळी करामत या ५० मिमीच्या तुकड्यात आहे, त्यामुळे इथे घाई नको.

पाइपच्या एका टोकापासून १८ मिमीवर गोल रेघ मारा. रेघेखालच्या भागातून तीन पाय काढायचे आहेत, वरचे ३२ मिमी म्हणजे मेणबत्ती धरणारी नळी. पाइपचा घेर साधारण ७८.५ मिमी असतो. खालच्या भागात १४ मिमी रुंदीच्या तीन पट्ट्या समान अंतरावर आखा आणि मधला प्रत्येकी साधारण बारा मिमीचा भाग कापून काढा. आता प्रत्येक पट्टीचे शेवटचे १० मिमी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा. पट्टीचा बाक नळीसारखा गोल असल्यामुळे ती नीट वळत नाही. आधी पक्कडीने किंवा व्हाइसमध्ये दाबून तेवढा भाग सपाट करा, मग वळवा. हे न करता थेट वळवली तर वळणावर चीर पडते. उरलेले ८ मिमी म्हणजे नळीचे पाय. नळी ताटलीपासून ८ मिमी वर राहिली की मेणाला वाहायला वाट मिळते आणि नळीची उष्णता ताटलीत थेट उतरत नाही.

दोन पायांच्या बरोबर मधोमध येईल अशी नळीला वरपासून खालपर्यंत ५ मिमी रुंद उभी चीर पाडा. हॅक्सॉने दोन समांतर काप घेतले की पट्टी सुटून येते. ही चीर तीन कामं करते. मेण तिच्यातून बाहेर ओघळतं. किती थोटूक उरलं ते बाहेरून दिसतं. आणि अडकलेलं थोटूक स्क्रूड्रायव्हरने तिच्यातूनच उचलता येतं. मेणबत्तीचा बुंधा नखांनी उकरत बसण्याचा त्रास एवढ्या एका चिरेमुळे संपतो.

आता वरच्या काठावर उरलेल्या तीन दिशांना १५ मिमी खोल एकेक साधा काप घ्या. काठाच्या चार पाकळ्या तयार होतील. प्रत्येक पाकळी पक्कडीने आत किंचित वाकवा, दीड मिमीपेक्षा जास्त नको. २० मिमीची मेणबत्ती दाबून आत गेली पाहिजे आणि उलटं धरल्यावर पडता कामा नये. २२ मिमीचीही याच पाकळ्यांत बसते, फक्त थोड्या बाहेर सरकवाव्या लागतात. बारीक, १२ मिमीच्या मेणबत्तीसाठी ॲल्युमिनियम फॉइलची घट्ट गुंडाळी करा.

इथे एक सवय मोडायला हवी. मेणबत्ती सैल बसली की लोक तिच्या बुंध्याला कागद किंवा चिंधी गुंडाळतात. ज्योत खाली आली की ती चिंधी मेण शोषून घेते आणि दुसरी वात होते. मग बोटाएवढ्या ज्योतीऐवजी अख्खी नळी पेटते. गुंडाळायचं ते धातूचंच.

नळीच्या खालच्या कडेपासून ५ मिमी वर, चिरेच्या दोन्ही बाजूंना काटकोनात, समोरासमोर ४.२ मिमीची दोन छिद्रं पाडून लांब बोल्ट आडवा घाला. नट हाताने बसेल तेवढाच आवळा, जास्त आवळलात तर नळी चेपते. २१ मिमीच्या चकतीला ३ मिमीची चार छिद्रं पाडा आणि ती या बोल्टवर सैल ठेवा. मेणबत्ती हिच्यावर टेकते आणि २४ मिमी नळीत राहते. चकतीऐवजी मोठा वॉशर वापरण्याचा मोह होईल, पण वॉशरचं मधलं भोक इतकं मोठं असतं की शेवटी पेटती वात त्यातून खाली पडते. वातीने वरच अडकून राहायला हवं आणि मेणाने खाली जायला हवं. म्हणून चार लहान छिद्रं.

सगळ्या कापलेल्या कडांवरून कानस फिरवा. नंतर ओला पॉलिश पेपर. ही नळी अंधारात हाताळली जाणार आहे, हे डोक्यात असू द्या.

तळ आणि वजन

नळी ताटलीच्या मध्यावर ठेवून तीन पायांच्या छिद्रांच्या खुणा करा. मध्यापासून साधारण १८ मिमीवर त्या येतील. पाय, ताटली आणि लोखंडी चकती एकत्र धरून एकदमच ड्रिल करा. वेगवेगळी छिद्रं पाडून नंतर जुळवायला गेलात तर तिन्ही कधीच जुळत नाहीत. लोखंडी चकतीच्या खालच्या बाजूने १० मिमीच्या बिटने छिद्राचं तोंड रुंद करा, म्हणजे काउंटरसंक स्क्रूचं डोकं आत बुडेल. स्क्रू खालून वर, वॉशर आणि नट पायावर. तळ पूर्ण सपाट राहिला की त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवा. ही जागा गरम होत नाही, त्यामुळे इथे सोल्यूशन चालतं.

चकतीला स्क्रू लावण्याआधी प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या आणि एक पूर्ण दिवस वाळू द्या. कोकणात आणि गोव्यात हे चुकवलं तर एका पावसाळ्यात टेबलावर गंजाचं वर्तुळ उमटतं.

आता या वजनाची गरज काय? स्टँड तिरका करून पाहिला तर हलकी ताटलीसुद्धा बऱ्याच कोनापर्यंत पडत नाही, त्यामुळे वजन फुकट वाटतं. घरात मात्र टेबल तिरकं होत नाही, धक्का लागतो. ओढणीचा, मांजराच्या शेपटीचा, अंधारात चाचपडणाऱ्या हाताचा. आणि तो धक्का मेणबत्तीच्या वरच्या टोकाला लागतो. आडव्या धक्क्याने स्टँड कलंडायला किती जोर लागेल याचा हिशेब असा: एकूण वजन गुणिले तळाची त्रिज्या, भागिले धक्क्याची उंची. वजन न लावलेली ताटली, नळी आणि मेणबत्ती मिळून २०० ग्रॅमच्या आसपास होतात. त्रिज्या ७ सेमी, उंची १७ सेमी. उत्तर येतं ८० ते ८५ ग्रॅम, म्हणजे एवढासा जोर पुरतो. चकती लावली की तोच आकडा ३७० ग्रॅमच्या वर जातो.

तीन रबरी पाय लावायची कल्पनाही अनेकांना सुचते, कारण तीन पायांचं काहीही डगमगत नाही. खरं आहे, पण ते कलंडतं मात्र लवकर. ७ सेमी त्रिज्येवर तीन पाय लावले तर दोन पायांच्या मधल्या बाजूला आधाराची रेघ मध्यापासून फक्त साडेतीन सेंटिमीटरवर येते. स्टँड निम्म्या जोरात त्या बाजूला जातो. सगळीकडून टेकणारा गोल तळच ठेवा.

दांडा ताटलीच्या काठाला दोन रिव्हेटने बसवा, चिरेच्या विरुद्ध बाजूला. चिरेतून ओघळणारं मेण हातावर येऊ नये म्हणून. दांडा ९-१० सेमी पुरे. लांब दांडा टेबलाबाहेर येतो आणि जाता-येता कुणाच्या तरी हाताला लागतो.

वारा आणि उजेड

मेणबत्तीचे ओघळ मुख्यतः वाऱ्यामुळे येतात. ज्योत एका बाजूला झुकली की त्या बाजूची कड वितळते, वरची मेणाची तळी फुटते आणि मेण बाहेर सांडतं. जळायच्या ऐवजी सांडलेलं मेण म्हणजे तेवढा उजेड वाया. शिवाय हलणारी ज्योत काजळी धरते.

यावर काच लावावी असं पहिल्यांदा सुचतं आणि बाजारात कंदिलाची काच सहज मिळते. ती इथे बसत नाही. कंदिलाची ज्योत कायम एकाच उंचीवर राहते. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलापासून आजच्या स्वस्त कंदिलापर्यंत सगळ्यांची काच त्याच हिशेबाने बुटकी आणि फुगीर असते. मेणबत्तीची ज्योत मात्र सात तासांत १२-१३ सेंटिमीटर खाली उतरते. बुटकी काच सुरुवातीला ज्योतीच्या खालीच राहते, तिचा उपयोग शून्य. जुन्या घोडागाडीच्या दिव्यांत नळीतली स्प्रिंग मेणबत्तीला सतत वर ढकलायची आणि ज्योत जागच्या जागी राहायची. युक्ती नामी आहे, पण तिला नेमक्या व्यासाची, कडक मेणाची मेणबत्ती लागते. आपल्याकडच्या मऊ मेणबत्त्यांचं मेण टोपीच्या कडेने झिरपतं आणि स्प्रिंग दोनदा वापरात जाम होते. घरी करायला जाऊ नये.

काचच हवी असेल तर दोन्ही बाजूंनी उघडी, निदान ८ सेमी व्यासाची आणि २३ सेमी उंच नळकांडी काच घ्या, बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी काच) असेल तर उत्तम. साधी काच गरम असताना पावसाचा एक शिंतोडा पडला तरी तडकते. काच ताटलीवर थेट टेकवू नका. ६ ग्रॅम मेण जाळायला तासाला किमान ७५ लिटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याच्या काही पट. खालून वाट नसेल तर ताजी हवा वरूनच आत यायला बघते आणि बाहेर जाणाऱ्या गरम हवेशी तिची टक्कर होते. ज्योत धापा टाकल्यासारखी वर-खाली होते आणि काच काळी पडते. काचेखाली १० मिमी उंचीचे तीन टेकू द्या. प्लॅस्टिकच्या बाटलीचा आडोसा कोणत्याही परिस्थितीत नको.

आमचं मत विचाराल तर काचेपेक्षा पत्र्याचा अर्धगोल आडोसा बरा. तो फुटत नाही, हवा अडवत नाही आणि मागे जाणारा उजेड पुढे फेकतो. २०४ मिमी रुंद पत्रा अर्ध्या वर्तुळात वळवला की ६५ मिमी त्रिज्या मिळते. वळवायला डालडाच्या डब्यासारखा एखादा गोल डबा साचा म्हणून वापरा, कारण हाताने वळवलेल्या पत्र्याला घड्या पडतात. उंचीच्या २४० मिमीपैकी खालच्या ३० मिमीत फक्त तीन पट्ट्या ठेवून बाकीचं कापून टाका. कडेच्या दोन पट्ट्या १५ मिमीवर छाटल्या की त्या पाय होतात आणि ताटलीत उभ्या राहतात. मधली लांब पट्टी बाहेर वळवून ताटलीच्या काठाला लहान बोल्ट आणि विंग नटने धरा. खाली १५ मिमीची फट हवेसाठी राहते आणि वरची कड पेटलेल्या नव्या मेणबत्तीच्या ज्योतीपेक्षाही दीडेक सेंटिमीटर उंच येते. आडोसा वाऱ्याच्या बाजूला करायचा, म्हणजे सहसा खिडकीकडे पाठ.

उजेड किती वाढतो? उघड्या मेणबत्तीपासून एक मीटरवर साधारण १ लक्स उजेड पडतो, अर्ध्या मीटरवर ४ लक्स. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. चकचकीत आडोशाने समोरचा उजेड दीडपटीच्या आसपास होतो. म्हणजे वाचायचं असेल तर दुसरी मेणबत्ती लावण्याआधी पहिली जवळ घ्या, आणि ज्योत डोळ्यांच्या रेषेत येणार नाही अशी बाजूला ठेवा. उघडी ज्योत समोर असली की डोळ्यांवर तिरीप येते आणि पानावरचा आहे तो उजेडही कमी वाटतो.

वापरण्याआधी तपासणी

आडोशाशिवाय, न पेटवलेली मेणबत्ती लावून टोकाला बोटाने हळूहळू आडवा जोर द्या. स्टँड उचलला जाण्याआधी मेणबत्ती पाकळ्यांत तिरकी झाली तर पाकळ्या सैल आहेत.

मग ताटलीच्या एका कडेखाली ४५ मिमी जाडीचं पुस्तक सरकवा. स्टँड साधारण पंधरा अंशांनी कलतो. तो घसरू नये आणि आडोसा हलू नये.

खरी परीक्षा शेवटाची. अंगणात किंवा गच्चीत, फरशीवर, आसपास काही नसताना, ३ सेमीचं थोटूक लावून पूर्ण संपू द्या आणि समोर बसून पाहा. ज्योत काठाशी आल्यावर थोडी मोठी होईल, मेण चिरेतून आणि खालच्या छिद्रांतून ताटलीत येऊन पांढरं गोठेल आणि वात काही मिनिटांत विझेल. विझल्यावर पाच मिनिटांनी तळाच्या रबराला हात लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. ज्योत बराच वेळ दुप्पट उंच राहिली तर छिद्रं बुजली आहेत, ती ४ मिमीची करा. ताटलीतलं मेण गोठायच्या ऐवजी पातळच राहत असेल तर पाय बुटके आहेत, नळीची पुढची आवृत्ती १५ मिमीच्या पायांवर करा. ही चाचणी पास झाल्याशिवाय स्टँड घरात आणू नये.

ती पास झाली म्हणजे मेणबत्ती रोज तळापर्यंत जाळावी असं नाही. विसर पडला तर घर वाचावं, एवढ्यासाठी ती सोय. एरवी ज्योत नळीच्या काठापासून एक-सव्वा सेंटिमीटरवर आली की विझवा. साडेतीन सेंटिमीटरचं थोटूक उरतं. स्क्रूड्रायव्हर चिरेतून चकतीखाली सारून थोडं उचललं की ते सुटतं. चार थोटकांत एक नवी मेणबत्ती होते. मात्र मेण वितळवायचं ते गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून, थेट गॅसवर कधीही नाही.

बिघडतं ते कुठे

वात ६ मिमीपेक्षा लांब झाली की ज्योत उंच, लालसर आणि काजळी धरणारी होते. पेटवण्याआधी कात्रीने छाटा. छाटलेला तुकडा किंवा जळकी काडी ताटलीतल्या मेणात टाकू नका, तिथेही दुसरी वात तयार होते. आगपेटीची जागा ताटलीबाहेर.

पावसाळ्यात वात ओलसर होऊन तडतडते. मेणबत्त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या की हा त्रास जातो. विदर्भात मे महिन्यात उलटा प्रश्न येतो. पारा ४५ च्या घरात गेला की हलक्या प्रतीच्या मेणबत्त्या उभ्या उभ्या वाकतात आणि पाकळ्यांच्या दाबाने बुंध्याशी चेपतात. त्या दिवसांत पाकळ्या थोड्या सैल करा, मेणबत्त्या माठाजवळच्या थंड कोपऱ्यात आडव्या ठेवा.

फुंकून विझवली तर गरम मेणाचे शिंतोडे उडतात आणि खोलीभर वास सुटतो. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या मेणाची वाफ. लहान वाटी पालथी घालून दोन सेकंद धरली की काम होतं. ताटलीतलं मेणच पेटलं तर पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं. पातेल्याचं झाकण टाका, गॅस-सिलिंडरजवळ नेऊ नका, थंड होईपर्यंत उचलू नका.

पडदा, मच्छरदाणी, कॅलेंडर यांच्यापासून निदान ३० सेमी दूर आणि वर मीटरभर मोकळी जागा हवी. भिंतीवरच्या फळीखाली ठेवलेली मेणबत्ती फळीला काळा डाग पाडते, तो उष्णतेचा इशारा समजावा. गॅसचा वास येत असेल तर मेणबत्तीच काय, काडीही ओढायची नाही.

साफ करताना ताटली तासभर फ्रीझरमध्ये ठेवली, किंवा लाइट नसेल तर नुसती पूर्ण गार होऊ दिली, की मेण आकसतं आणि पापुद्र्यासारखं निघतं. नळीत चिकटलेलं मेण काढायला तिच्यावर उकळतं पाणी ओता, पण खाली जुना डबा धरून. ते पाणी मोरीत गेलं तर पुढच्या वळणावर मेण गोठतं आणि प्लंबर बोलवावा लागतो. डब्यात ते वर तरंगून चकतीसारखं जमतं, उचलून थोटकांच्या डब्यात टाका.

आज रात्रीच लाइट गेली आणि हातात यातलं काहीच नसेल तर १५ सेमी रुंद स्टीलच्या डब्यात ५ सेमी कोरडी वाळू भरा आणि मेणबत्ती ४ सेमी आत खुपसा. वाळूचंच वजन सव्वा किलोच्या वर भरतं, त्यामुळे धक्क्याला तो पक्का असतो. फक्त ज्योत वाळूपासून दोन बोटांवर आली की विझवा. वितळलेलं मेण वाळूत मुरतं आणि मुरलेली वाळू वातीचं काम करते. एका मेणबत्तीनंतर वरचा मेणकट थर काढून टाका, खालची वाळू पुन्हा वापरता येते.